तबक माझ्या मांडीवर

तात्यांनी पानासाठी हात पुढं केला आणि हातात काहीच आलं नाही, तो क्षण आठवला की मला अजून हसू फुटतं. पण ते मागून. आधी मी त्या पंचांच्या जाजमावर जाऊन बसले कशी ते सांगते, नाहीतर वाटायचं मी कुणी मोठी शिकलेली-सवरलेली बाई होते. तसं काही नव्हतं. माहेर कोऱ्हाळ्याचं, वडिलांनी हट्टानं मराठी सात इयत्ता शिकवलं, आणि लग्न होऊन बारामतीत आले ती थेट वांग्याच्या रानात. कॅनॉलच्या पाण्यावर सासऱ्यांचं माळवं पिकायचं. हात चिखलात आणि तोंड चालू, एवढीच माझी गावात ओळख.

एकोणीसशे तिसाच्या पुढची सालं ती. गावात एक बाई होत्या. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही, पण बागायत रान आणि चांगलं चौसोपी घर. एकच बाळंतपण त्यांच्या वाट्याला आलं होतं आणि त्यात त्या मरता मरता वाचल्या होत्या, मूल गेलं होतं. त्या वारल्या तेव्हा कळलं की रान आणि घर दोन्ही त्यांनी बाळंतिणींसाठी ठेवलंय. घराचं सूतिकागृह झालं. पुण्याला शिकून आलेल्या दोन नर्सबाई तिथं राहायला आल्या, एक वयानं मोठी, एक धाकटी. कारभाराला सात पंच नेमायचे होते, आणि बाईंनी जाताना तीन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. पंचांत एक तरी बाई हवी. एक पंच त्यांच्या माहेरचा, म्हणजे इंदापूरचा हवा. आणि बारामतीचं बस्तान बसलं की इंदापूरच्या बायांचीही सोय करायची.

पहिल्या अटीनंच पंचांची झोप उडाली. पुरुषांत येऊन बसणारी बाई आणायची कुठून? ते आले माझ्या सासूबाईंकडं, कारण अर्ध्या आळीची पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. सासूबाई चुलीपुढून हलल्यासुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "मी काय तितं बसून त्यांची तोंडं बघू? सुनेला न्या. ती घरात कुणाला बोलू देत न्हाय, तितं तरी कामाला यील." सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी मला खरंच बोलावणं आलं. मी धाडकन हो म्हटलं. नवऱ्यानं नुसतं कपाळाला हात लावला.

काय सांगू, पहिल्या बैठकीला जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. इरकली लुगडं नेसले, डोक्यावर पदर घट्ट घेतला, आणि रस्ताभर मनात भाषणं केली. अध्यक्ष होते तात्या. गुळाचे मोठे आडतदार, सहा फुटी गडी, डोक्याला पांढराशुभ्र फेटा, ओठ पानानं कायमचे रंगलेले. गावात खासगी मोटार त्यांच्याच दारात. पान त्यांना इतकं प्यारं की डबा उशाला घेऊन झोपतात असं लोक म्हणायचे. त्यांच्या उजव्या हाताला इंदापूरचे आबा बसायचे. बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, पेठेत कापडाचं दुकान असलेले. मग गावातले वैद्य, मग ऊस-गुळवाले तिघं बागायतदार, आणि फिरत फिरत शेवटी तात्यांच्या डाव्या हाताला, दाराशी, मी. दाराशी अशासाठी, की मला लाज वाटली तर उठून जाता यावं. ही सोय त्यांनी फार प्रेमानं केली होती. मला काही ती कधी लागली नाही.

बैठकीची एक रीत होती, ती मला दोन-तीन बैठकांनंतर उमगली. बोलणं संपलं की तात्या म्हणायचे, पान आणा. मग पितळेचं मोठं तबक यायचं, त्यात लवंग टोचलेले विडे. आबांपासून सुरू व्हायचं, प्रत्येकानं एक विडा उचलून हातात धरायचा. माझ्यासाठी तबकाच्या कोपऱ्यात कुंकवाचा करंडा, कारण बाईमाणसानं चार पुरुषांत पान खायचं नसतं. मी कुंकू लावून तबक तात्यांपुढं धरायचे. तात्या शेवटचा विडा तोंडात टाकायचे, मग बाकीचे टाकायचे, आणि सगळे उठायचे. तबक निघालं की पुढं कुणी बोलायचं नाही, आणि अध्यक्षांनी पान घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. लिहिलेलं कुठं नव्हतं, पण कायदा त्याच्यापुढं फिका.

आणि इंदापूरचा विषय निघाला की तबक निघायचंच. कुणीतरी म्हणायचं, इंदापूरचं बघायला पाहिजे एकदा. आबा जाजमाकडं बघायला लागायचे. तात्या खाकरायचे, फेटा सारखा करायचे आणि म्हणायचे, पान आणा. झालं, विषय पुढच्या बैठकीवर. बारामतीच्या विहिरीचा पोहरा बदलायचा तर घटकाभर वाद, आणि इंदापूरच्या बाया मात्र विड्यात गुंडाळून खाल्ल्या जायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वाटायचं, हा एवढा मोठा माणूस आणि मन मात्र सुपारीएवढं. घरी येऊन मी भांडी आपटायचे. सासूबाई विचारायच्या, काय गं, आज पुन्हा पान का?

हे सगळं मी सोसलंही असतं. पण माझी धाकटी बहीण तिकडं दिलेली होती. इंदापुरापासून दोन कोसांवर, भीमेच्या अंगाला तिचं गाव. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला बैलगाडीत घालून कोऱ्हाळ्याला आणत होते. दोन-तीन दिवसांची वाट, चाकोरीचा रस्ता, आणि दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. लासुर्ण्याच्या पुढं बाभळीखाली गाडी सोडली. बाळ तिथंच गेलं. ती वाचली ती कशी, देवाला माहीत. आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. मी भेटायला गेले, म्हटलं आधीच चल, माझ्याकडं राहा, नर्सबाई दाराशी आहेत. तिनं मान हलवली. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून महिनोन्‌महिने येता येत नव्हतं, ते एक. पण खरं कारण तिनं मला गोठ्याच्या मागं नेऊन सांगितलं.

"अक्का, मी गाडीत न्हाय बसायची. चाकाचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो. हितंच मरीन, पण त्या वाटंनं न्हाय जायची."

मी तिला धरून खूप रडले. घरी येताना प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. वाट तिच्याकडं यायला पाहिजे. इंदापुरात एक खोली, एक खाट, एक नर्सबाई. जी गोष्ट करायचीच म्हणून त्या बाई सांगून गेल्या होत्या, तीच फक्त व्हायला हवी होती, आणि ती एका पितळी तबकानं अडवली होती.

पुढच्या बैठकीला मी भाषण पाठ करून गेले. सगळं पद्धतशीर बोलायचं ठरवलं होतं. विषय निघाला, वैद्यांनीच काढला बिचाऱ्यांनी. मी घसा साफ करते न करते तोवर तात्या खाकरले आणि म्हणाले, पान आणा. माझं भाषण घशातच राहिलं. तबक आलं. आबांनी विडा घेतला. बागायतदारांनी घेतले. वैद्यांना कुठं रोग्याकडं जायची घाई होती, त्यांनी रीत मोडून विडा गालात सारलासुद्धा. तबक माझ्यापुढं आलं. मी करंडा उघडला, कुंकू लावलं, करंडा मिटला, आणि तबक मांडीवर ठेवून त्याच्यावर दोन्ही हात ठेवले.

तात्यांनी सवयीनं, न बघताच हात पुढं केला. हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी बोटं हलवली. मग वळून बघितलं. माझी छाती अशी धडधडत होती की तबकातला करंडा वाजतोय असं वाटत होतं. पण खरं सांगू? भीती नव्हती ती. लहानपणी कॅनॉलच्या कठड्यावरून पाण्यात उडी मारायच्या आधी व्हायचं, तसं होत होतं.

"वैनी, पान," तात्या म्हणाले.

"तात्या, इंदापूरचं बोलणं व्हायचंय."

"पान फिरल्यावर बोलत न्हाईत."

"फिरलं कुठंय? माझ्यापाशीच थांबलंय."

मग जे झालं ते बघायला सासूबाई हव्या होत्या. कुणाला उठता येईना, कारण अध्यक्षांनी पान घेतलेलं नाही. कुणाला खाता येईना, त्याच कारणानं. चांगले मिशांचे गडी हातात एकेक विडा धरून, आरतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे ताटकळत बसले. वैद्य काहीतरी बोलायला बघत होते, पण गाल पानानं भरलेला आणि थुंकायला उठायची सोय नाही. तात्यांचा चेहरा तांबडालाल झाला. माझ्या हातातून तबक ओढून घेणं तर शक्यच नव्हतं, परक्या बाईच्या मांडीवरचं तबक कोण ओढणार? हे सगळं मी आधी ठरवलं होतं असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. तबक मांडीवर टेकलं तेव्हा सुचलं.

मी तात्यांना काही विचारलंच नाही. सरळ आबांकडं वळले. म्हटलं, आबा, इंदापूरला खोली हवी का नको, एवढंच सांगा, मी तबक देते. आबांनी जाजमाची दशी ओढायला सुरुवात केली. मला वाटलं हेही आता गप्प बसणार. पण दशी तशीच बोटांत धरून ते बोलले.

"वैनी, मी हितं येतो, तात्यांच्या घरी उतरतो, त्यांच्या पंगतीला जेवतो. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच पुढं हात कसा पसरायचा? देणाऱ्यानं द्यावं. इंदापूर मागणार न्हाय."

तात्या एकदम गुडघ्यांवर उठले. मला वाटलं आता गेलं सगळं. ते आबांकडं असे बघत होते की जणू या माणसाला आज पहिल्यांदाच बघतायत.

"आबा, तुमी मागावं म्हणून मी किती दिस वाट बघतोय. न मागता दिलं असतं तर म्हणला असता, बारामतीकर आमाला भिकारी समजत्यात. तुमची मान खाली जायला लागली की मी आपला पान मागवायचो."

मी तर बघतच राहिले. म्हणजे ज्याला मी दगड म्हणत होते तो मित्राची मान सांभाळत होता, आणि तो मित्र पाहुणचाराची लाज सांभाळत होता, आणि बाकीचे चौघं या दोघांची अदब सांभाळत होते. सगळे चांगले. सगळे सभ्य. आणि या चांगुलपणात इंदापूरच्या बाया गाडीत कळा सोसत होत्या. मला हसू आलं, त्याच दमात रडू आलं, आणि मग जी जीभ सुटली ती सुटली. मी माझ्या बहिणीचं सांगितलं. ती बाभळ सांगितली. गोठ्यामागं ती काय म्हणाली तेही सांगितलं. असल्या गोष्टी पुरुषांत बोलायच्या नसतात, पण बाळंतिणींच्या घरात बसून बाळंतपणाचंच बोलायचं नाही तर काय बोलायचं? शेवटी म्हटलं, तुम्ही एकमेकांचा मान राखा, पण ज्यांच्यासाठी आपण इथं बसतो त्यांचा आधी राखा. बोलून झाल्यावर मलाच कळलं की मी पदर खांद्यावर घेऊन, हातवारे करत बोलत होते.

वैद्यांनी तेवढ्यात घाईनं दारापर्यंत रांगत जाऊन तोंड मोकळं केलं आणि परत येऊन बसले. रीत मोडली म्हणून कुणी त्यांना बोललं नाही. ते म्हणाले, मग करायचं काय ते ठरवा की. तेव्हा मला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती पहिलीपेक्षा बरी होती. मी सगळ्यांना म्हटलं, तुमचे विडे परत तबकात ठेवा. चुपचाप ठेवले. मग तबक मी स्वतः उचललं आणि एकेकापुढं नेलं. म्हटलं, जुनी माणसं काम अंगावर घ्यायचं तर विडा उचलायची. आता ज्यानं त्यानं आपलं काम सांगायचं आणि मगच विडा घ्यायचा. काम नाही त्याला पान नाही.

आबांनी हात घातला. दुकानामागची त्यांची मोठी खोली रिकामी होती, परसात विहीर होती, ती देतो म्हणाले, आणि विडा उचलताना त्यांचे डोळे भरून आले. एका बागायतदाराकडं सुतार होता, त्यानं खाटा आणि पाळणा घेतला. दुसऱ्यानं चुना आणि रंगारी. तिसरा म्हणाला, मला यातलं काही कळत न्हाय, पण बाळंतिणींना तूप-गूळ माझ्याकडून जाईल. वैद्यांचा विडा आधीच खाऊन झालेला, तरी त्यांनी औषधांचं कपाट घेतलं, आणि धाकट्या नर्सबाई इंदापूरला राहतील का ते विचारायचं कामही. सगळे एकदम बोलत होते. विहिरीच्या पोहऱ्यावर घटकाभर भांडणारी हीच माणसं, आणि आता कुणाचा सुतार चांगला यावर तावातावानं हमरीतुमरी चालली होती. मी तबक घेऊन मधे उभी, आणि मला वाटत होतं की मी उडणार आता.

शेवटी तबक तात्यांपुढं. एकच विडा उरला होता. तात्यांनी तो उचलला, बोटांत फिरवला, वास घेतला, आणि परत तबकात ठेवला.

"मोटार माझी, लागंल तेव्हा. पण पान मी आत्ता न्हाय घ्यायचा. ही बैठक संपली न्हाय. इंदापूरच्या खोलीत पहिलं लेकरू रडंल, तेव्हा संपली. तवर मला पान नगं."

कुणाचा विश्वास बसला नाही. तात्या आणि पान नको? पण अध्यक्षांनी पान घेतलं नाही, तरी आम्ही उठलो. रीत त्या दिवशी मोडली ती मोडलीच.

पुढचे दिवस काय मजेचे गेले. पान सुटल्यानं तात्या नुसते फणफणत होते. आडतीवर हमालांना ओरडायचे, मग त्यांनाच चहा पाजायचे. गुळाच्या बाजारात लोक मुद्दाम त्यांच्यापुढं विडा चघळत उभे राहायचे. त्यांच्या मालकीणबाई मला एकदा वाटेत अडवून म्हणाल्या, बाई, लवकर उघडा ती खोली, हा माणूस आता आमचं घर खाईल. आणि आबा? ज्यांना बारामतीत हात पसरवत नव्हता, ते आता इंदापूरच्या पेठेत दुकानं पालथी घालत होते. याच्याकडून घमेली, त्याच्याकडून कंदील, गढीजवळच्या कुंभाराकडून रांजण. मी एकदा गेले तेव्हा मला अभिमानानं सांगत होते की आता मला कुणी येताना बघितलं तर दार लावून घेतं. एकदा मागायला शिकले ते थांबेचनात.

बहिणीकडं मी सर्व्हिस मोटारीनं दोनदा जाऊन आले. खोलीत खिडकी कुठं आहे, खाट कशी आहे, सगळं सांगितलं. ती ऐकून घ्यायची. शेवटी एवढंच विचारायची, आणि तितवर कसं यायचं? मी म्हणायचे, बघू.

उद्घाटनाचा दिवस ठरला. मामलेदारांच्या हस्ते नारळ फोडायचा, मांडव, आंब्याची तोरणं, तात्यांनी तर बँडवाले सांगितले होते. आदल्या दिवशी तात्या, धाकट्या नर्सबाई आणि मी मोटारीनं इंदापूरला पोचलो. भिंतींचा चुना अजून ओलसर होता, खाटेवर गादी पडायची होती, आणि दाराशी नव्या तबकात उद्याचे विडे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेले. मी गादीचा उशापायथा करत होते, तेवढ्यात बाहेर सायकल आपटल्याचा आवाज आला. बहिणीचा दीर. घामानं निथळत होता. वहिनीला कळा लागल्यात आणि ती गाडीत बसत न्हाय, एवढंच बोलून तो पायरीवर बसला.

तात्यांनी फेटासुद्धा घेतला नाही. बोडक्या डोक्यानं मोटारीत बसले, मी मागं, नर्सबाईंना म्हटलं तुम्ही पाणी उकळा. ते दोन कोस आम्ही कसे गेलो ते मला विचारू नका. शेतातली माणसं उभी राहून बघत होती. तात्या वाटभर मोटारीला शिव्या घालत होते आणि तिलाच बाबापुता करत होते.

बहीण उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हातांनी चौकट धरून. अंगणात बैलगाडी जुंपलेली, आणि तिच्याकडं तिनं पाठ केलेली. मी हात धरला तर तिचा हात बर्फ. मी म्हटलं, ही मोटार बघ, हिला लाकडाचं चाक नाही, आवाज वेगळा आहे. तिनं मोटारीकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं, वाट कुठली? मी म्हटलं, इंदापूरची, इथं पुढंच, बाभळीपर्यंत जायचंच नाही. तिनं चौकट सोडली. एक हात, मग दुसरा. तात्या दार उघडून उभे होते, तोंड दुसरीकडं करून, कारण त्यांना बघवत नव्हतं. मोटार सुरू झाल्यावर तिनं डोळे मिटून माझं मनगट असं धरलं की पुढं कितीतरी दिवस तिच्या बोटांचे वळ तिथं होते. पण ती बसली. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, बसली, बसली.

खोलीत गेल्यावर वेळ कसा गेला कळलं नाही. नर्सबाईंचा आवाज शांत, हात पक्के. बाहेर आबा रिकाम्या घागरी भरत होते आणि भरलेल्या परत ओतून भरत होते. मांडवाचे खांब रोवणारे गडी थांबून उभे. तात्या ओट्यावर बसलेले, पुढं पानाचा डबा, मिटलेला. एकदा मी कापड घ्यायला बाहेर आले तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली, अजून नाही. त्यांनी डबा आणखी लांब सारला.

दिवेलागणीला ती रडली. मुलगी. काय तो आवाज! ओल्या चुन्याच्या त्या खोलीत असा घुमला की मी आणि नर्सबाई एकमेकींच्या गळ्यात पडलो. बहीण हसत होती आणि रडत होती आणि म्हणत होती, रडतीया न्हवं, रडतीया न्हवं? मी म्हटलं, रडतेय गं, गाव गोळा करील अशी रडतेय.

मी हात धुतले, दाराशी ठेवलेलं उद्याचं तबक उचललं, वरचं फडकं काढलं आणि ओट्यावर गेले. तात्या उभे राहिले होते. आबा घागर हातातच घेऊन आले. मी तात्यांपुढं तबक धरलं आणि म्हटलं, "बैठक संपली. घ्या."

तात्यांनी विडा उचलला. एवढे दिवस ज्याच्यासाठी फणफणत होते तो विडा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि तोंडात घालायचा सोडून त्यांनी तो आबांपुढं केला. म्हणाले, आधी आबांनी. गाव त्यांचं, घर त्यांचं. आबांनी घागर खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरले. छे छे, आधी तात्यांनी, अध्यक्ष ते, मी कसा घेऊ? न्हाय, तुमी. न्हाय, तुमी. मी कपाळावर हात मारून घेतला. तबक घेऊन मी पायरीवर बसले आणि ते पुन्हा मांडीवर ठेवलं.

तेवढ्यात आतून माझ्या बहिणीचा आवाज आला. दमलेला, पण खणखणीत. माझ्या बहिणीला मी एवढ्या मोठ्या माणसांशी असं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"अक्का, त्यांना म्हणावं दोघांनी एकदम घ्या, आन् गप बसा. पोरगी पितीया."

तात्यांनी हातातला विडा परत तबकात ठेवला. मी तबक वर धरलं. दोघांनी एकदम घेतलं.